तेलखडीचं विरजण

सप्ताह उठला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवस कलताना, यमुनाबाईंना सडकून भूक लागली. भूक लागण्यात नवल ते काय! पण त्या घटकेला साऱ्या तेलखडीत तेवढी एकच भूक उरली होती, आणि हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द यमुनाबाईंनाही नाही.

त्या ओसरीवर बसल्या होत्या. समोर चूल गार. परात भिंतीला टेकवलेली. सून शीतल उंबऱ्यात पाय पसरून कापसाच्या वाती वळत होती, अगदी निवांत.

"शीतल, भाकरीचं काय गं?"

"करते की आत्या. भूक लागली का तुम्हाला?"

"तुला नाही लागली?"

विसरलेलं नाव आठवावं तसं शीतलनं जरा आठवून पाहिलं. "न्हाई बा. सकाळपासून न्हाईच लागली. काल्याचा प्रसाद लई झाला वाटतं."

यमुनाबाई हसल्या. हसण्यासारखंच होतं ते. पण हसता हसता त्यांनी कान दिला आणि त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. या वेळेला गल्ली कशी वाजत असते? या घरातून थप थप, त्या घरातून थप थप, भाकरी थापायचा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, जसा कीर्तनात टाळ एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जातो. आज एकाही घरातून आवाज नव्हता. कुठं धूर नव्हता. माणसं मात्र होती, दारादारात बसलेली, गप्पा मारणारी, हसणारी.

"आत्या, अशा काय बघता?"

"काही नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "आणि तुझी लेक? दुर्वा काय जेवली?"

शीतलनं पुन्हा आठवून पाहिलं.

*

आता ही गोष्ट नीट कळायची तर थोडं मागं गेलं पाहिजे.

यमुनाबाई केकाण तेलखडीच्या अंगणवाडीच्या बाई. बालाघाटाच्या डोंगरातलं हे गाव. पाऊस सलग हुलकावणी देत गेला, तशी आधी निम्मी जनावरं गेली, मग पोरांच्या दंडावरचं मांस गेलं. अंगणवाडीची खिचडी पातळ होत होत कढण झाली. भुकेलं मूल पहिल्यांदा किंचाळतं, मग कुरकुरतं आणि शेवटी गप्प होतं. यमुनाबाईंना किंचाळण्याची भीती कधी वाटली नाही. त्या घाबरायच्या गप्प झालेल्या पोराला.

अशात एक दिवस डॉक्टर सायली गर्जे गाडीतून उतरली. जीवाणूंची शास्त्रज्ञ, पुण्यात मोठ्या प्रयोगशाळेत. पण यमुनाबाईंना आठवत होती ती नाक गळणारी, खिचडीचं ताट चाटूनपुसून पुन्हा पुढं करणारी सायली.

"बाई, ओळखलं का?"

"तुझं नाक नाही ओळखलं, सायले. आता कोरडं आहे ते."

सायली खदखदून हसली आणि मग अंगणात मांडी घालून बसली. सोबत तिनं हिरव्या झाकणाचं एक मातीचं भांडं आणलं होतं.

"बाई, गाय खाते काय?"

"कडबा, गवत."

"आणि देते काय?"

"आता किती शिकवशील? दूध."

"म्हणजे गवतात ताकद आहे. आपल्या पोटाला ती काढता येत नाही, एवढंच. गाईलाही येत नाही बरं का! तिच्या पोटात बारीक जीव असतात, त्यांच्याकडं गवताचे धागे कापायच्या कात्र्या असतात. मी त्या कात्र्यांची कृती त्यांच्या अंगातून उचलली आणि दह्याच्या जीवाणूत बसवली. हे दही चमचाभर खाल्लं की तो जीवाणू लेकराच्या आतड्यात घर करतो. मग शेवग्याचा पाला, तुतीचा पाला, कोंडा, यांचं पीठ खाल्लं तरी तो ते कापतो आणि त्यातली ताकद लेकराला देतो. गाईची विद्या आहे ही, बाई. लेकराच्या पोटात ठेवली."

यमुनाबाईंनी भांड्याला हात जोडले. त्यांचा स्वभावच तसा. मग विचारलं, "आणि खोट काय?"

सायली म्हणाली, "खोट होती. पाल्याचं पीठ पोटात लवकर सरतं. अंगाला ताकद मिळत असते, पण पोरं भुकेनं रडतात, आणि आया घाबरून ते बंद करतात. भूक म्हणजे काय, तर निरोप. पोट रिकामं झालं की एक रस सुटतो, तो रक्तातून मेंदूकडं जाऊन सांगतो, काहीतरी पाठवा. म्हणून मी जीवाणूत आणखी एक तुकडा घातला. तो उलटा निरोप पाठवतो, की आलं, पोचलं. काही तासांपुरतं. आईनं थोपटावं तेवढंच."

"थोपटून निजलेलं लेकरू उपाशी नाही ना निजत?"

"नाही बाई. कापणारा तुकडा आणि थोपटणारा तुकडा, दोन्ही एकाच जीवाणूत शेजारी शेजारी बांधलेत. पोसणं थांबलं तर थोपटणंही थांबेल."

तिचा त्यावर विश्वास होता, आणि यमुनाबाईंचा तिच्यावर. आणि खरं सांगायचं तर गुण आला. पोरांच्या गालांना गोलाई आली. यमुनाबाईंची नात दुर्वा, जी चालताना भिंत धरायची, ती शेळीमागं पळायला लागली. वरून साहेब आले, त्यांनी फोटो काढले. पोरं रडत नाहीत हे सगळ्यांना फार आवडलं. इतकं आवडलं, की खिचडीचं धान्य आणखी आखडलं तेव्हा कुणी ओरडलंच नाही. ओरडणारी तर पोरंच असतात.

सायलीनं एकच नियम घालून दिला होता. हे विरजण अंगणवाडीच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही.

*

उन्हाळ्यात अंगणवाडीचे पत्रे तापतात, दही आंबून जातं. म्हणून यमुनाबाई ते भांडं घरी आणून, ओल्या फडक्यात गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवू लागल्या. सप्ताहाची तयारी चाललेली, त्या मंडपात गुंतलेल्या. तिन्हीसांजेला शेजारची लक्ष्मीबाई वाटी घेऊन दारात उभी राहिली.

"शीतल, विरजण दे गं थोडं. माझं फुकट गेलं."

शीतलनं इकडं तिकडं पाहिलं. घरात दुसरं दही नव्हतं. तिला नियम ठाऊक होता. पण दुसरा नियम त्याहून जुना होता. तेलखडीत दिवेलागणीला दारात आलेल्या बाईला विरजणाला नाही म्हणत नाहीत. पीठ नाही म्हणता येतं, मीठ नाही म्हणता येतं. विरजणाला नाही म्हटलं तर दोन्ही घरांची दुभती आटतात. तिनं हिरवं झाकण उघडलं आणि चमचाभर दिलं.

लक्ष्मीबाईचं दही असं लागलं, की सुरीनं कापावं. मग तिच्याकडं वाट्या आल्या. तिनंही कुणाला नाही म्हटलं नाही.

आणि सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी घराघरांतून काल्यासाठी दही आलं.

भानुदास महाराज सानपांचं काल्याचं कीर्तन म्हणजे पर्वणी. म्हातारा आवाज, पण खर्जात गेला की मंडपाचे बांबू घुमायचे. महाराज गोपाळांच्या शिदोऱ्या सोडत होते. "याच्याकडं भाकरी, त्याच्याकडं शिळी कढी, आणि एका पोराच्या फडक्यात काय होतं? गाठ होती! नुसती गाठ! ते पोर गाठ सोडीचना. लाजलं होतं. देवानं सगळ्यांचं एकात एक कालवलं आणि पहिला घास कुणाला दिला? बोला की रे! गाठवाल्याला!"

बाया डोळे पुसत होत्या. हंडी फुटली. पोरांनी हात घातले, थोरांनी हात घातले, ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या तोंडात घास भरवला. सासरहून आलेल्या लेकींनी डबे भरून घेतले, विरजणासाठीही थोडं वेगळं बांधून घेतलं. गावच्या दह्याला यंदा चवच तशी होती.

यमुनाबाईंनी काला कपाळाला लावला, पण खाल्ला नाही. त्या काशीला जाऊन आल्या होत्या, आणि काशीला गेलं की एक आवडता पदार्थ देवाला सोडून यायचा असतो. लक्ष्मीबाईनं दोडका सोडला होता. "देवाला काय कळतंय, मला दोडका आवडत न्हाई ते!" यमुनाबाईंनी मात्र खरोखर जीव लावलेलं सोडलं होतं. दही.

हातातला घास त्यांनी दुर्वाच्या तोंडात घातला.

*

पुढचे दिवस गाव फार आनंदात होतं. तेच तर भयंकर होतं.

भांडणं थांबली. रेशनच्या दुकानापुढं रांग लागेना. माणसं सावलीत बसून राहत, जराशी सुस्त, जराशी हसरी. यमुनाबाई घरोघर विचारत सुटल्या, "जेवलात का?" आणि सगळीकडं तेच उत्तर. "जेवू की, बाई. काय घाई आहे?"

गल्लीच्या टोकाला धोंडाबाई एकटीच राहायची. तिला हाक घातली तर ओ आली नाही. दार लोटलं. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर हात, चेहऱ्यावर कसलंही दुःख नाही. अंग गार. तिच्या डब्यात पीठ काठोकाठ भरलेलं होतं आणि चुलीत कोळ्यानं जाळं विणलं होतं.

यमुनाबाई तशाच देवळात गेल्या. भानुदास महाराज इथलंच विरजण नेऊन पुढच्या गावी काला करून मुद्दाम तेलखडीला परतले होते. गाभाऱ्यासमोर बसून गात होते. गळ्याच्या शिरा वर आलेल्या, डोळे खोल गेलेले, पण आवाजात कधी नव्हती अशी तार.

"महाराज, धोंडाबाई गेली. उपाशी गेली."

"गेली? सुटली, माय." महाराज हसले. "कृपा झाली आहे या गावावर. जन्मभर या पोटानं मला छळलं. कीर्तन रंगात आलं की हे मधेच बोलायचं. आता गप्प झालंय. नुसतं नाम उरलंय. ऋषीमुनींना जे साधलं नाही ते तेलखडीला साधलं!"

यमुनाबाई या माणसाच्या पाया पडत आल्या होत्या. त्यांची कीर्तनं ऐकून त्यांनी नवऱ्याचं मरण सोसलं होतं. त्यांना वाटलं, पाय धरावेत आणि गप्प बसावं. पण त्यांची नजर गाभाऱ्यात गेली.

"महाराज, देवाचा नैवेद्य कुठाय?"

महाराजांनी मागं वळून पाहिलं. देवापुढचं ताट कोरडं होतं. त्यात एक मुंगी फिरत होती.

"काल कुणी आणला होता?" यमुनाबाईंनी विचारलं. "परवा? चुली पेटल्या नाहीत महाराज, तर देवाला कोण जेवू घालणार? तुम्हीच सांगत आलात ना, देव गाठवाल्या पोराला आधी घास देतो? भूक काढून घेतो असं तर तुम्ही कधी सांगितलं नाही. भूक काढून घ्यायची असती, तर काला कशाला केला असता देवानं?"

महाराजांच्या हातातली चिपळी वाजायची थांबली.  मग त्यांच्या तोंडून लहान पोरासारखा शब्द आला.

"माय, मी शेवटचं कधी जेवलो?"

*

यमुनाबाईंचा निरोप मिळून सायली आली तेव्हा तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला होता. तिनं घराघरांतलं दही नळ्यांत भरलं, गाडीतल्या यंत्रात घातलं. ओसरीवर येऊन बसली ती जड होऊन.

"बाई, तुकडा निसटला."

"कुठला?"

"थोपटणारा. हे जीवाणू एकमेकांना चिजा देत असतात. आपण विरजण देतो ना, तसंच. गावच्या साध्या दह्यातले जीवाणू आणि माझा जीवाणू एका भांड्यात नांदले, आणि त्यांनी माझ्याकडचा थोपटणारा तुकडा घेतला. कापणारा तुकडा लांबलचक आहे, तो त्यांना पेलला नाही. आता गावच्या दह्यात नुसतं थोपटणं आहे. पोसणं नाही. आणि थांबवणारंही काही नाही. पोरांच्या पोटातसुद्धा तेच पसरलंय. पाल्याचं पीठ खाऊनही आता त्यांना काही मिळत नाही."

यमुनाबाईंनी दुर्वाला वजनकाट्याला अडकवून पाहिलंच होतं. काट्यानं जे सांगितलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"लेकींनी डबे नेलेत गं, सायले. महाराजांनी पुढं काला केला."

"माहितीय. गावांची नावं घेतलीत मी." तिनं हातातली नळी खाली ठेवली. "बाई, तुमच्या खिचडीवर वाढलेली पोरगी मी. मला वाटलं, कुणा लेकराला ताट पुन्हा पुढं करावं लागू नये. एवढंच वाटलं होतं हो मला."

यमुनाबाईंनी तिचं डोकं जवळ घेतलं. रागवायला वेळ नव्हता.

औषध होतं. आतड्यातला हा सगळा पसारा मारून टाकणारं. पण आज गाडीत होतं ते पोरांपुरतंच. मोठ्यांचं तयार होऊन यायला वेळ लागणार होता. तोवर सगळ्यांनी भूक नसताना जेवायचं. सायलीनं प्रत्येकाच्या फोनवर गजर लावून दिले. गजर वाजायचे. माणसं म्हणायची, हो हो, आणि बोटानं ते बंद करायची. त्यात त्यांचा दोष नव्हता. आठवण करून देणं निराळं आणि मागं लागणं निराळं. भूक आईसारखी मागं लागते, पदर सोडत नाही. गजराला कुठला हात असतो?

तेव्हा यमुनाबाई म्हणाल्या, "साऱ्या गावात एक पोट चालू आहे. माझं. मला भूक लागली की मी देवळाची घंटा बडवीन. घंटा वाजली की मंडपात यायचं आणि माझ्यासमोर गिळायचं."

गावानं ऐकलं. डब्याडब्यांतलं धान्य देवळात आणून एका ढिगात ओतलं, कुणाचं किती हे न बघता. एकच मोठी चूल मांडली. घंटा वाजली की माणसं यायची, औषध घ्यावं तशी भाकरी चावायची. लक्ष्मीबाई म्हणायची, "यमुनाबाई, तुमच्या पोटाला जरा दम न्हाई का हो? आत्ता तर जेवलो!" लोक हसायचे. पण उठून जात नव्हते. धोंडाबाईचं बंद दार सगळ्यांना दिसत होतं.

दुर्वाला यमुनाबाई स्वतः भरवत. पोरगी अर्धं खाई आणि तोंड फिरवी. उरलेलं यमुनाबाई खाऊन टाकत. ताटात अन्न टाकणं त्यांना या काळात पाप वाटे, आणि नातीचं उष्टं खाल्लं नाही ती आजी कसली?

महाराज मात्र थांबले नाहीत. "जिथं जिथं मी काला वाटला तिथं तिथं मीच जाऊन सांगतो. या तोंडानं वाटलंय, या तोंडानंच परत घेतो." यमुनाबाईंनी त्यांना शिदोरी बांधून दिली. "पण महाराज, जेवायची आठवण कोण करील?" म्हाताऱ्यानं विचार केला आणि पहिल्यांदा पूर्वीसारखं मिश्कील हसला. "प्रत्येक चरणाला एक घास. नाम तर मी विसरत नाही ना!"

डोंगराच्या वळणावर ते दिसेनासे होईपर्यंत गाव बघत राहिलं. ते पोचतील का, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

*

खरा अडसर घरातच होता. औषधाची बाटली देवळीत होती आणि शीतल देवळीपुढं उभी होती.

"दुर्वाला औषध द्यायचं न्हाई, आत्या."

"काय बोलतेस?"

"भरवा तिला, रोज भरवा, मी बी भरवीन. पण भूक परत नका देऊ." तिचा आवाज शांत होता. "तुम्हाला ठाऊक हाय का, आत्या, मी लहानपणी चिंचोके भिजवून खाल्लेत. पाणी पिऊन निजले. लग्न ठरलं तवा मी पहिलं काय विचारलं? तिथं दोन वेळचं मिळतं का. माझ्या डोक्यात सदा भाकरीच असायची. आता पहिल्यांदा डोकं मोकळं झालंय. आणि तुम्ही माझ्या लेकराला परत त्यात ढकलणार? पाल्याचं पीठबी आता अंगी लागत न्हाई म्हणत्यात. मग हा ढीग सरल्यावर? तिनं रडायचं आणि आपण ऐकायचं?"

 शीतल खोटं काहीच बोलत नव्हती. देवळातला ढीग रोज खाली बसत होता. भूक परत देणं म्हणजे दुःख परत देणं, हे त्यांनाही दिसत होतं. त्या आईच्या हातून पोर हिसकावू शकत नव्हत्या. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

अंगणात दुर्वा खेळत होती. चिंध्यांची बाहुली, नारळाच्या करवंट्या, खापराचा तवा. पूर्वी ही पोर दिवसभर मातीच्या भाकरी थापायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आग्रह करायची. आज तवा पालथा होता. तिनं बाहुलीला मांडीवर घेतलं, थोपटलं आणि पांघरूण घातलं. करवंट्या बाजूला सारून दिल्या.

"दुर्वे," शीतलनं सहज हाक मारली, "बाहुलीला जेवू घाल की गं आधी."

"तिला भूक न्हाई."

"मग उठल्यावर घाल."

दुर्वानं आईकडं पाहिलं. मोठाले, शांत डोळे. "ती उठणार न्हाई. तिला कायपण नको असतं."

वाऱ्यानं एक करवंटी गडगडत गेली. शीतल तिच्याकडं बघत उभी राहिली. मग ती वळली, देवळीतली बाटली घेतली, आणि अंगणात जाऊन लेकीसमोर गुडघ्यांवर बसली. चमचा यमुनाबाईंनी धरला.

*

औषध गेलं. सायली सांगून गेली होती, आता वाट बघायची. गावातल्या सगळ्याच पोरांच्या आया वाट बघत होत्या. काय विचित्र वाट! आपलं मूल कधी रडेल याची.

एका दुपारी यमुनाबाई देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. शीतल धान्य निवडत होती. दुर्वा खांबाला पाठ लावून बसलेली, बाहुली मांडीवर. काही आवाज नव्हता. मंडपात माणसं लवंडली होती.

दुर्वाचा खालचा ओठ हलला. तिनं पोटावर हात ठेवला, जणू तिथं कुणी हाक मारली. कपाळाला आठी पडली. मग तोंड वाकडं झालं, आणि त्या पोरीनं असा काही टाहो फोडला, की मंडपातली माणसं ताडकन उठून बसली.

"आजी! भूक! आजी, भूक लागली!"

शीतलच्या हातातलं सूप पडलं. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. "आले गं माझे बाई, आले, थापते, आत्ता थापते!" ती चुलीकडं धावली. लक्ष्मीबाईनं हात जोडून कपाळाला लावले. इतकं सुंदर रडणं तेलखडीनं कधी ऐकलं नव्हतं.

यमुनाबाईही उठल्या. नात जेवणार तर गावानंही जेवावं, म्हणून त्यांनी घंटेच्या दोरीला हात घातला.

आणि हात तिथंच राहिला.

खांबाची सावली पायरी उतरून अंगणात गेली होती. दिवस केव्हाच कलला होता. घंटा सकाळी वाजली होती, हे त्यांना आठवत होतं. मग दुपारची? दुपारची घंटा कुणी वाजवली? कुणीच नाही. त्यांनी नाही. आणि आपण वाजवली नाही हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

त्यांनी आत कान दिला. सारं आयुष्य जे पोट वेळेला बोलत आलं, ते झाडून काढलेल्या गाभाऱ्यासारखं निःशब्द होतं. दुखत नव्हतं. टोचत नव्हतं. उलट फार बरं वाटत होतं, इतकं बरं की तिथंच बसावं, उन्हाकडं बघत राहावं, दोरी सोडून द्यावी.

दही त्यांनी काशीला सोडलं होतं. नातीचं उष्टं सोडलं नव्हतं.

मंडपातली माणसं त्यांच्याकडं बघत होती, घंटेची वाट पाहत. नव्हे, वाटही पाहत नव्हती. नुसती बघत होती. मोठ्यांचं औषध अजून वाटेत कुठंतरी होतं. भानुदास महाराजांचा निरोप आला नव्हता.  त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. खाली वाकून रडणाऱ्या नातीला कडेवर उचललं आणि तिच्या मुठीत दोरी दिली.

"ओढ, बाळा. जोरानं."

"भूक..."

"हो गं, राणी. भूक लागली की हे ओढायचं. उद्याही, परवाही. आजी म्हणाली नको, तरी ओढायचं. आजी निजलेली असली, तरी ओढायचं. विसरायचं नाही."

दुर्वानं रडत रडत दोरी ओढली. घंटा घणघणली. माणसं उठून रांगेनं बसू लागली. शीतलनं तव्यावरची पहिली भाकरी तशीच हातावर आणली, फुंकर घालत दोन वाटे केले, एक लेकीच्या हातात दिला आणि एक सासूच्या.

"खा, आत्या. सकाळपासून उपाशी असाल."

वाफाळत्या भाकरीचा वास यमुनाबाईंना आला, आणि त्या वासाशी आपलं काहीएक नातं नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी तुकडा मोडला. मनातल्या मनात नामाचा एक चरण म्हटला. घास तोंडात घातला. तो मातीसारखा लागला.

कडेवरची पोर अधाशासारखी खात होती. तिच्या तोंडावरून नजर न काढता यमुनाबाई चावत राहिल्या.